धुतलेल्या नळ्या

सर, आज सकाळी रस निवळला. तुमच्या हातचा निवळायचा, तसा. काचेची नळी तळहातासमोर धरली आणि पलीकडच्या रेषा स्वच्छ दिसल्या. तेव्हापासून बसून आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी घाटावरून थेट शेडवर आलो होतो. तुमची काळी बुरशी आता मलाच सांभाळायची होती. बाजारातून आलेल्या संत्र्याच्या साली, त्यात गव्हाचा कोंडा, त्यावर वाढणारी ती बुरशी, आणि तिच्यातून निघणारं, गढूळ रस नितळ करणारं आपल्या शेडचं एन्झाइम. वर्षानुवर्षं निवडून तुम्ही तिचं वाण तयार केलं होतं. ते गेलं तर शेड बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दार उघडतो तर फिनेलचा वास. फरशी ओली, पराती रिकाम्या, फ्रिज उघडा. ज्यांत वाण जपलेलं असायचं त्या काचेच्या नळ्या फळीवर पालथ्या, लख्ख. साली निवडणाऱ्या मावशी कोपऱ्यात पदरानं डोळे पुसत होत्या.

"मावशी, नळ्यांतलं कुठं आहे?"

"फेकलं मागं ढिगावर. नळ्या उकळून घेतल्या."

"काहून?"

"काहून म्हंजे? मयत झाली ना गा. शिजलेलं, आंबलेलं घरात ठेवते का कोणी?"

"हे घर आहे का?"

"त्यायले दुसरं कोणतं होतं?"

आमच्या गावातही माणूस गेला की भरलेलं पाणीसुद्धा ओतून देतात. आई गेली तेव्हा घरचं विरजण मीच उकिरड्यावर टाकलं होतं. रागवायचं कोणावर? त्या माउलीनं तुम्हाला घरचं मानलं, आणि मानलं म्हणूनच तुमचं सारं आयुष्य उकळून टाकलं.

पुढे शेडमागच्या ढिगावर, सालींवर, काळी मखमल उगवली. ती तुमची की वाऱ्यावर आलेली, देव जाणे. मी ती उचलून वाढवली. रस निवळायचा, पण धुरकट राहायचा. त्या धुरकट रसावर शेड कशीबशी चालली आणि मी निवडत राहिलो. परातींपुढे हात जोडले की तुमचं बोलणं ऐकू यायचं, "बुरशीले नमस्कार काहून करून राहिला गा? ती पावत नसते. निवड!"

पाकिटावर लिहायला तुमचा पत्ता या शेडचाच आहे, म्हणून हा कागद इथंच राहील. एकच सांगायचं आहे. नवा होतो तेव्हा मी नळीतला रस चाखला आणि तुम्ही केवढ्यानं ओरडलात, "तीर्थ आहे का गा हे? इथलं काही तोंडाले लावायचं नाही!" आज कोणी नाहीसं पाहून तो रस मी उजव्या तळहातावर घेतला आणि प्यालो. आंबट होता. मग बराच वेळ दाराकडे पाहत राहिलो, कोणी ओरडतंय का म्हणून.