बारकीच्या टाळूची चावी

प्रिय थोरल्या लेकीस,

आधी बातमी, मग पाल्हाळ. बारकीच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली! तुझे बाबा घाबरले. दात पडला समजून गादी उचलली, कपाट सरकवलं, जमिनीवर ओणवे होऊन शोधत बसले. बारकी मात्र आरशासमोरून हलायला तयार नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई फट बघून इतक्या खूश झाल्या की त्यांनी बाहेरच्या मदतनीस बाईंनाही आत बोलावून दाखवली. फट पडली म्हणजे टाळूचं हाड रुंदावतंय.

तू सहा महिन्यांच्या नोकरीवर गेलीस तेव्हा घराला एकच घोर होता: टाळू रुंदावायला तोंडात बसवलेल्या त्या पट्टीची चावी आता कोण फिरवणार? तुझ्याशिवाय ती कुणापुढे तोंड उघडायची नाही. मी चावी घेऊन जवळ गेले की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसायची. तू फोनवर विचारलंस की मी हवापाण्याचं बोलायला लागायचे, ते त्यामुळेच.

डॉक्टरीणबाईंनी एकदा मला समोर बसवून तिच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे हातात दिले. डाउन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ मुलांत वरचा जबडा अरुंद आणि आखूड राहतो, खालचा त्या मानाने वाढत जातो. म्हणून खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात आणि जिभेला आत जागा पुरत नाही. मला शिवणकामामुळे ते चटकन कळलं. अस्तर आखूड पडलं की वरचं कापड लोंबतंच. हाड वाढतंय तोवरच ते सहज ऐकतं, म्हणाल्या, फेऱ्या चुकवू नका.

शेवटी तोड बारकीनेच काढली. मला शिवणाच्या खुर्चीवर बसवलं, आ करायला लावलं आणि टॉर्च मारून माझी तपासणी सुरू केली. इतकी वर्षं दोरा दातांनी तोडून माझ्या दाताला खाच पडलीय, ती तिने बरोबर हेरली. नापसंतीने मान हलवून कात्री माझ्या मांडीवर ठेवली. मग मला उठवून स्वतः खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं, अगदी तुझ्यापुढे उघडायची तसं. चावी पट्टीच्या भोकात गेली आणि मी आपली सवयीने ती माझ्याकडे ओढायला लागले, मशीनचं चाक फिरवते तशी. तिने माझं मनगट धरून हात बाहेर काढला आणि शांतपणे म्हणाली, “आई, मशीन नाही ते. मागे ढकल.” ढकलली. पुढचं भोक दिसलं, म्हणजे फेरी पुरी झाली. मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही.

आता फेऱ्या संपल्या. हाड भरून येईपर्यंत पट्टी काही महिने तशीच राहील. पुढे वरचा जबडा पुढे ओढायला झोपताना चेहऱ्यावर एक चौकट लावायची आहे. तिचे रबर अडकवायला ती आत्ताच शिकलीय आणि ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांना प्रात्यक्षिक दाखवते. खालचा जबडा अजून वाढायचाय, त्यामुळे पुढची खात्री डॉक्टरीणबाई देत नाहीत. दरवर्षी दाखवायला जावं लागेल. जाऊ. सध्या जीभ आत मावते, झोपेत तोंड मिटलेलं असतं, आणि घोरण्याचं काम तिने बाबांवर सोपवलंय. त्यात त्यांनी काही कमी पडू दिलेलं नाही.

आता पत्राचं खरं कारण. साहेब तुला तिथेच कायम करणार आहेत आणि बारकीसाठी तू त्यांना नाही म्हणणार आहेस, हे बाबांच्या पोटात राहिलं नाही. बाळा, असं करू नकोस. तुझी आठवण येते, जेवायला बसल्यावर तर फार येते, हे मी लपवत नाही. पण आमच्या आठवणीपायी तू तुझं काम सोडायचं नाही. तरी माझ्या मनाने नको म्हणून मी बारकीलाच विचारलं, ताईने परत यायला हवं का. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, “यायचं. राहायचं नाही. पलंग आता माझा आहे.” तेव्हा साहेबांना आजच हो सांगून टाक. सुट्टीत आलीस की तुला पाहुण्यांची गादी घालू.

तुझीच,
आई