व्हर्लिनच्या औषधाचा कागद

केस्ट्रेल फोर्क, मोंटाना
बुधवार, १९ फेब्रुवारी २००३

प्रिय अ‍ॅल्डन,

सप्रेम नमस्कार. इतक्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तू फोनवर औषध सांगायचंस, मी दुकानातून ते द्यायचं आणि मधल्या वेळात दोघांनी यथेच्छ भांडायचं, असंच आपलं चालत आलं. पण फोनवर तू मला हसवतोस आणि विषय हातातून निसटतो. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मीच ते तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत बाहेर गाडीत बसेन.

इकडे सगळं ठीक. रस्ता रविवारी मोकळा झाला. चर्चच्या जेवणात पुन्हा तोच चीज घातलेला बटाटा होता. मी नावं ठेवत दोनदा वाढून घेतला. तुझी चौकशी सगळ्यांनी केली. डॉक्टर हल्ली दिसत नाहीत म्हणाले. मी म्हटलं, म्हातारा बर्फाला कंटाळलाय.

व्हर्लिन हॉगस्टॅडची बातमी मात्र चांगली आहे. गुरुवारी वादळात तू फोन केलास तेव्हा काय अवस्था होती त्याची! कॅन्सर हाडांत उतरलेला, वेदनेने तो गुरासारखा ओरडत होता, त्याची बायको मार्व्हा बिचारी दाराशी बसून रडत होती. एरवी मॉर्फिनला तुझ्या सहीचा कागद आधी लागतो. पण तुझ्या घरून निघणारा रस्ताच बंद होता. तू औषध, मात्रा, नाव, सगळं खणखणीत सांगितलंस. मी लिहून घेतलं, तुला वाचून दाखवलं. मग नेहमीप्रमाणे जुंपली.

“रस्ता उघडेपर्यंत पुरेल एवढंच देणार,” मी म्हणाले.

“अगं, माणूस तडफडतोय आणि तू थेंब मोजतेस?”

“नियमच तसा आहे. सात दिवसांत कागद पाठव, मग घागरभर देते.”

“थोरा, तू मेलीस ना, की स्वर्गाच्या दारातही कागद मागशील!”

मार्व्हा ट्रॅक्टर घेऊन आली आणि बाटली घेऊन गेली. त्या दिवशी व्हर्लिन शांत झोपला. रविवारी त्याने पॅनकेक मागितले. अ‍ॅल्डन, हे तू केलंस. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

बघ, नमनालाच घडाभर तेल घातलं मी. आता बोलते.

तुझा कागद सोमवारी आला. औषध बरोबर, मात्रा बरोबर, तारीख आणि सही बरोबर. नाव कोरिनचं. तिची जन्मतारीखसुद्धा. आणि खाली तू लिहिलं आहेस, “थोरा, ती फार सोसते आहे. लवकर पाठव.”

तुझ्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली, अ‍ॅल्डन. तिच्या शवपेटीला तुझ्या शेजारी मीही हात लावला होता.

मी तो कागद खणात टाकला आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. मग स्वतःला समजावलं, की वादळात एकटाच होता घरात, आठवण आली असेल, हात चुकला असेल. माझ्या हातून नाही का चुकत! म्हणून काल तुला फोन केला आणि सहज विचारलं, “व्हर्लिनचा कागद पाठवलास का रे?” तू म्हणालास, “व्हर्लिन? त्याला काय झालंय? धडधाकट तर आहे!”

मी हवापाण्याचं काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. मला लाज वाटते त्याची. तिथेच बोलायला हवं होतं.

कागदावरचं नाव बदलायचा मला हक्क नाही, तो फक्त तुला आहे. उद्या सात दिवस पुरे होतात. तोवर व्हर्लिनच्या नावाचा कागद आला नाही तर मी सरकारला कळवायचं, असा नियम आहे. माझ्या परवान्याची भीती वाटते, नाही असं नाही. पण झोप उडाली आहे ती वेगळ्याच भीतीने. उद्या एखाद्या लेकराच्या खोकल्यासाठी तू फोन केलास आणि कोरिनची मात्रा सांगितलीस तर? आणि मी, तुझ्या आवाजावर डोळे झाकून विश्वास ठेवणारी, ती दिली तर? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ह्या मुठीत गावाचा जीव आहे.

इथे दुसरा डॉक्टर नाही, मला ठाऊक आहे. शहरातल्या दवाखान्याशी मी बोलले, तुझं नाव न घेता. आठवड्यातून दोनदा कुणीतरी येईल. तुझी सर त्यांना यायची नाही. तरी येऊ देत.

उद्या मी आत आले की आपण व्हर्लिनबद्दल बोलू. तुला तो आठवला, गुरुवारचा फोन आठवला, तर त्याचा कागद माझ्यासमोर लिही. नाही आठवला तर मी तुझ्याच स्वयंपाकघरातून सरकारला तो फोन करीन, आणि तेव्हा तू माझ्या शेजारी बस. तुझ्या पाठीमागे करायचा नाही मला. दोन्हीपैकी काहीही झालं तरी त्यानंतर तू लेकीला, जॅनेलला, फोन करायचास, आणि डॉक्टरकी थांबवतोय हे डॉक्टरांना परवाना देणाऱ्या मंडळाला स्वतः कळवायचंस. तू नाही कळवलंस तर मी कळवीन. ते धमकी म्हणून लिहीत नाही, पण खोटंही लिहीत नाही.

चिडशील. शिव्या दे, मी खाऊन घेईन. दार मात्र लावून घेऊ नकोस. कोरिन असती तर तिने तुला केव्हाच हाताला धरून बसवलं असतं. ती नाही, म्हणून हे माझ्या वाट्याला आलं. तुला एकट्याला ह्यातून जाऊ द्यायची नाही मी.

आजवर तुझ्या नुसत्या शब्दावर औषध देत आलेली, आणि उद्यापासून न देणारी,
तुझीच
थोरा