साडेनऊचा चंद्रोदय

चिंचवड, शुक्रवार, १९५६. संध्याकाळ.

सुमनला जाऊन आज अठरा दिवस झाले. कारखाना सुटल्यावर घरी न येता डॉक्टरांकडे गेलो. तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. भूल देताच रक्तदाब एकदम उतरला आणि पुन्हा वर आला नाही, एवढंच तेव्हा कळलं होतं. अंगात पाणी कमी असलं की असं होऊ शकतं, हे आज विचारल्यावर त्यांनी सांगितलं.

मग मी बोललो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिची संकष्टी होती, निर्जळी. रात्री नऊनंतर पाणीसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. चंद्रोदय साडेनऊचा. नऊच्या आत मी तांब्या पुढे केला, तर म्हणाली, "चंद्र बघितल्याशिवाय नको." चंद्र दिसला तेव्हा तांब्या मीच उचलून आत ठेवला. मीच. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "नऊनंतर काही घेतलं?" मी "नाही" म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण दिवसभराचं का नाही सांगितलं? बायकोचा उपास परक्याला काय सांगायचा, असं वाटलं असेल.

"कळलं असतं तर आधी सलाईन लावलं असतं," डॉक्टर म्हणाले. "मीही विचारायला हवं होतं."

घरी आलो तर आई शेजारणीला सांगत होती, "पोरीनं शेवटपत्तुर नेम मोडला न्हाई." येत्या संकष्टीला सुमनच्या नावानं तीही निर्जळी करणार आहे.

"आई, तू पाणी पीत जा."

"का रं?"

तांब्या भरून तिच्याजवळ ठेवला आणि हे लिहायला बसलो.