चाळीस मुलांची सरळ रेष

२ फेब्रुवारी १९९९
आजपासून रोज काम. एकतीस मार्चला प्रबंध दिला नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. आठ वर्षांचं काम आठ आठवड्यांत होतं, माणसाला शिस्त हवी. विषय पक्का आहे: दिंद्रुडजवळच्या वस्तीवरची चाळीस मुलं, सप्टेंबर ते जानेवारी दरमहा वजन. प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढतं, हे मिक्स्ड मॉडेल ही संख्याशास्त्राची पद्धत वापरून दाखवायचं. वजनं घेते बालवाडीची कडूबाई. मी विचार करते.

९ फेब्रुवारी
विचार झाला नाही. कॉलेजात चाचणी परीक्षा. शिवाय लाईट नव्हती.

१५ फेब्रुवारी, दुपारी
कडूबाईचं रजिस्टर आलं. एकही रकाना रिकामा नाही. रिकामा रकाना चालणार नाही, असं मी सप्टेंबरातच बजावलं होतं. धाक असावा माणसाचा.

२२ फेब्रुवारी
प्रोग्रॅम चालवला. कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे आकडेमोड कुठेच स्थिरावत नाही. फ्लॉपीला बुरशी लागली असणार.

२ मार्च
बुरशी नव्हती. आकडेमोडीच्या फेऱ्या वाढवल्यावर उत्तर आलं. मुलांच्या गतीतला फरक: शून्य. चाळीसही मुलं महिन्याला पाव किलोने वाढतात. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. असं जगात कुठेच झालेलं नाही, आमच्या बीड जिल्ह्यात झालं. आधी घाबरले, मग प्रस्तावना बदलायला घेतली. समतेवर दीड पान झालं.

५ मार्च
आमच्या ह्यांना, कल्याणरावांना, सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, त्या वस्तीचं गिऱ्हाईक दसऱ्यापासून दुकानात दिसलं न्हाई, सगळे ऊस तोडायला गेलेत. किराणा दुकानदाराला संशोधनातलं काय कळणार. आमटीत मीठ कमी होतं, त्याचा राग असेल.

१८ मार्च
औरंगाबादला माझ्या गाईड सरांना एसटीडी बूथवरून फोन केला, शोध सांगितला. सरांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मीटर पळत होतं. मग म्हणाले, रुद्राणीबाई, वजनं नुसती वाचलीत का कधी?
घरी येऊन वाचली. साडेनऊ, पावणेदहा, दहा, सव्वादहा, साडेदहा. पुढचं मूल, तसंच. रजिस्टर महिनाभर माझ्याच टेबलावर होतं.

२० मार्च
कडूबाईला बोलावलं. रागवायचं ठरवलं होतं.
"लेकरं मायबापासंगं कारखान्यावर गेलती, म्याडम. तुमी म्हनल्या रकाना मोकळा ठिवू नको. मंग एकेकाचं तोंड आठवून लिवलं. कुनाचंबी कमी केलं न्हाई."
चहा दिला. दोघींनीही घेतला.

२४ मार्च
मिक्स्ड मॉडेलचं पुस्तक प्रथमच चाळिसाव्या पानापुढे वाचलं. या पद्धतीचा मोठा गुण: मधली काही मोजमापं नसली तरी चालतं. लेखकाने हे पहिल्याच पानावर घ्यायला हवं होतं.

३१ मार्च
दिला नाही. खरं वजन प्रत्येकाचं एकच, सप्टेंबरचं. एका वजनावरून गती निघत नाही. सर म्हणाले, नवीन नोंदणी करा. चव्वेचाळीस हे तसं योग्यच वय आहे.

१७ एप्रिल
वस्ती परतली. काटा घेऊन स्वतः गेले, पहिल्यांदाच. निवृत्तीचा पवन, अडीच वर्षांचा. जानेवारीच्या रकान्यात साडेदहा किलो. काट्यावर नऊ. काटा झटकला, त्याला पुन्हा बसवलं. नऊ.
कडूबाई काट्याकडे बघतच नव्हती.
"माज्या ध्यानात तर ह्यो भरलेला व्हता," म्हणाली.