न उकळलेलं टोल्युइन

३ फेब्रु., सोम.
थिनरमधलं, पटकन पेटणारं हे टोल्युइन एकशे दहा अंशांना उकळायला हवं. आज एकशे अठराला नेलं, तरी ढिम्म. गुळगुळीत काचेत बुडबुड्याला धरायला जागाच नाही. वरून शांत, आत घनता सारखी कमी-जास्त. तापेल तशी स्क्रीनवरची घनतेची रेघ जास्त थरथरते. पाण्याची एवढी नाचत नाही. का, त्यावरच माझी पीएच.डी. उद्या सरांना हे उकळताना पाहुण्यांना दाखवायचंय. कपाळ माझं.

७ फेब्रु., शुक्र., हॉस्पिटल
डावा डोळा बांधलेला. ओळी वर-खाली जाताहेत, जाऊ देत.
मंगळवारी पाहुणे दारात, टो. उकळेना. सरांना उकळी हवी होती, लगेच. मी म्हटलं, गार होऊ द्या, मग बुडबुडे धरायला चिनीमातीचा तुकडा टाकू. तापलेल्यात टाकायचा नाही, हे सरच पहिल्या वर्षाला शिकवतात. भडकले. "तू मला शिकवणार?" ढकललंच मला. गॉगल निसटला. आणि टाकला तुकडा.
धाड. फ्लास्कमधलं सगळं माझ्या तोंडावर. मग शेगडीवर भडका, माझी बाही पेटली. लॅबमधल्या शाहीनने नुसत्या हातांनी विझवली. बिचारीचे दोन्ही तळवे सोललेत. सर तोवर दाराबाहेर.

८ फेब्रु.
डोळ्याचं पट्टी निघाल्यावरच कळेल म्हणे. आई रामाला नारळ बोलून आलीय. मला तो दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर फोडायचाय.

१० फेब्रु., सोम., घरी
सर आले. पंचवटीतल्या आमच्या बोळात गाडी शिरेना, म्हणून घामाघूम, हातात द्राक्षं. उद्या चौकशी समिती आहे.
"तुकडा तुझ्या हातून पडला असं सांग. थिसिसचं मी बघतो."
आईने मला चहा द्यायला सांगितलं. कपातून वाफ येत होती. त्यांच्या तोंडावर फेकायचा होता, खरंच. हात उचललासुद्धा. मग ठेवला टेबलावर. बोलले काहीच नाही, आणि त्यांनी तो होकार धरला. जाताना आईला म्हणाले, "मुलगी शांत आहे तुमची."
टोल्युइनही त्यांना शांतच वाटलं होतं.
संध्याकाळी शाहीनचा फोन, नांदगावहून. सर काल तिच्याकडेही जाऊन आले. तिची फेलोशिप त्यांच्याच सहीवर चालते, हे तिच्या अब्बांना समजावून आले.
"मी काय सांगू गं उद्या?"
दिसलं ते सांग, म्हटलं. तळवे अजून ठणकतात, एवढंच म्हणाली.
उद्या आधी तिला आत बोलावणार आहेत, मग मला.