गाळलेला अध्याय

प्रिय सूनबाई,

आज सकाळी बायबल वाचताना तू एक अध्याय गाळलास, म्हणून हे पत्र. समोर बोलले असते, पण समोर बोललं की तू रडतेस, मी चिडते आणि मुद्दा चहाबरोबर थंड होतो. पुठ्ठ्याला फट पाडून तिच्यातून एकेक ओळ लिहिते आहे. मला आता मधलं काहीच दिसत नाही, नुसत्या कडा दिसतात. लिहिलेलं परत वाचता येणार नाही. चुका तूच सुधारून घे.

छापखान्यात मी उभा जन्म प्रुफं तपासली. एकजण मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि मी छापलेल्या कागदावरून पेन्सिल फिरवायची. डोळे गेले, कान तसेच राहिले. काल तू वाचलंस, अब्रामाचा बाप हारानात वारला. आज वाचलंस, अब्राम मिसर देशातून परत आला. अगं, पण तो मिसरात गेला कधी? हारान सोडलं कधी? देवानं त्याला घर सोडून नीघ म्हटलं, तो सगळा अध्याय कुठे गेला? पानं चिकटली असतील म्हणून मी गप्प बसले. पण पुस्तक मिटलंस ते घाईघाईनं, आणि गेलीस ती डबा न घेताच. ओट्यावर हात फिरवला तेव्हा तो माझ्या हाताला लागला.

मग मी तुझ्या वर्कशॉपमध्ये फोन केला. तुमचे मिस्त्री आधी उडवाउडवी करत होते. मी म्हटलं, मी तिची सासू आहे, मला गोल गोल फिरवू नका. तेव्हा तोंड उघडलं. डोंगराकडच्या मिशन हॉस्पिटलनं कृत्रिम पाय बनवायला तुला मागितलंय, एकदा नव्हे, दोनदा. तिथे पाय गमावलेली माणसं खाटेवर बसून आहेत आणि त्यांचं माप घ्यायलाही कुणी नाही. आणि तू काय सांगितलंस? घरी आई आहेत, त्यांना रोज वाचून दाखवायला दुसरं कुणी नाही. मिस्त्री म्हणाले, बाई, तिनं बसवलेला पाय घालून गेलेला माणूस कधी तक्रार घेऊन परत आलेला नाही, आता काय ते तुम्हीच बघा.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ तुला आठवत असेल. घर माणसांनी भरलेलं होतं. मी म्हटलं, वाचन चुकायचं नाही, त्यानं रिबन लावली आहे तिथून पुढे वाच. लोकांनी मला दगड ठरवलं. माझा एकुलता एक मुलगा, तुझा नवरा. आणि त्या दिवशीच्या अध्यायात सांत्वनाचं एक अक्षर नव्हतं. देवाच्या मंडपाच्या पडद्यांची मापं होती, इतके हात लांब, इतके हात रुंद. तू मापं नीट वाचलीस. निळ्या सुताच्या फासांपाशी तुझा आवाज फुटला. का, ते मी विचारलं नाही. आपण दोघींनी एकमेकींना कधीच काही विचारलं नाही, रोज एक अध्याय पुढे जात राहिलो. मी तेवढ्यावर जगले.

डोळे जायला लागले तेव्हा मी देवाकडे डोळे मागितले होते. ते त्यानं दिले नाहीत, तुझा आवाज दिला. मी समजले, ही माझी तरतूद. चर्चमधल्या बायका तुला रूथ म्हणायच्या, नवरा गेल्यावरही सासूला न सोडणारी, आणि मी मनातून सुखावायचे. पण देव रानात आकाशातून पाडतो ते अन्न, तो मान्ना, रोजचा रोज वेचायचा असतो. उद्यासाठी झाकून ठेवला की त्यात किडे पडतात. हे मी तुझ्याच तोंडून ऐकलं, आणि तुलाच झाकून ठेवत राहिले.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त कंडक्टरना बोलावलं आणि एक पान वाचून घेतलं. प्रत्येक नावापाशी ब्रेक मारतात, आणि देवाचं वचन असं वाचतात की जणू मागच्यांना पुढे सरका म्हणताहेत. म्हणाले, ताई, मला यातलं काही कळत नाही हं. मी म्हटलं, कळायचं ते मी बघते, तुम्ही फक्त ओळ गाळू नका. उद्यापरवापासून सकाळच्या चहाच्या बोलीवर येतील. मी काय मागितलं आणि काय आलं! पण आलं. स्वयंपाक मला अजून हातानं जमतो आणि औषधाच्या बाटल्यांना मी वेगवेगळ्या गाठी बांधल्या आहेत. माझी काळजी हे कारण तुला आता पुरणार नाही.

होकार मी कळवलेला नाही. पाचारण तुला झालं आहे, उत्तर तू द्यायचंस. मला एवढंच सांगायचं होतं: उद्या सकाळी तो गाळलेला अध्याय वाच. मोठ्यानं, मधे न थांबता. मला रडू आलं तरी थांबू नकोस. तू गेलीस की या घरात त्याच्या आठवणी काढणारं माझ्याशिवाय कुणी उरणार नाही, हे मला कळतं; म्हणून तर हा कागद दोनदा बाजूला ठेवला. पण माझ्यापायी तू देवाचं ऐकलं नाहीस, तर त्याचं वचन तुझ्या तोंडून ऐकायची माझी छाती होणार नाही.

तुझीच,
जिला तू आई म्हणतेस ती

तुझ्या उशीवर ठेवलं आहे, ते आता तुझं: त्याचं बायबल, रिबन कंडक्टरांकडून त्या गाळलेल्या बाराव्या अध्यायावर लावून घेतली आहे. मला माझी जुनी प्रत पुरे. आणि त्याचा निळा स्वेटर, कोपरापाशी रफू केलेला. डोंगरात थंडी असेल. घराची किल्ली तुझ्याकडे आहे, ती तुझ्याकडेच राहू दे.