फादर सायमनसमोरची रांग

शनिवार, ऑगस्ट २००३

गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत फादर सायमन माइकवरच म्हणाले, लहानपणापासून मला आतून मी बाई आहे असं वाटतं, आणि लपवून लपवून थकलोय. शेजारच्या फ्रान्सिसकाकांनी आठवडाभर इंदिरानगर डोक्यावर घेतलं. “असलं कन्फेशनमध्ये सांगावं, चारचौघांत नाही.” मलाही तसंच वाटलं होतं का? थोडं, हो.

आज कन्फेशनला, फादरांपुढे पापं कबूल करायला गेले. वाटलं, आता यांच्याकडे कोण येणार? तर रांग पार दारापर्यंत. एरवी चारपाच जण असतात. माझ्यापुढे फ्रान्सिसकाकाच.

“काका, तुम्ही?”

“वीस वर्षं किरकोळच पापं सांगतोय गं. खरं राहूनच जातं. आज यांना सांगवेल असं वाटतंय.”

दारापर्यंत रांग. मीही माझं राहिलेलं सांगून टाकलं. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.